वाडीनं ठरवलेलं आरोग्य आणि वाडीचे खेळ: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी रायगडात खाडीकाठच्या एका कातकरी वाडीतला. दिवसा मिनीडोर, म्हणजे प्रवाशांची तीनचाकी गाडी चालवतो, संध्याकाळी पोरापोरींची कबड्डी घेतो. गाडीत बसलेली माणसं, शिबिरं घेऊन येणारे लोक, कॉलेजची प्रोजेक्टवाली मुलं, सगळी फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, औषधाचं जे लिहिलंय ते दवाखान्यात डॉक्टर, नर्सबाईंनी जे सांगितलं तेच.

आदिवासींनी चालवलेलं आरोग्य म्हणजे काय? सरकारी दवाखाना नको असं म्हणताय का?

अहो उलट, दवाखाना पाहिजेच, तो रात्री उघडा पाहिजे आणि त्यात लस पाहिजे. मुद्दा एवढाच की आमच्याबद्दल काय, कधी आणि कुठं करायचं ते ठरवताना आम्हाला विचारा, नुसतं विचारू नका, ठरवू पण द्या.

एक किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं वाडीत मोठं आरोग्य शिबिर ठेवलं, नाव घेत नाही, माणसं मनानं चांगली होती. मंडप, बॅनर, दोन डॉक्टर, रक्त तपासायची मशीन, बिस्किटाचे खोके. तारीख जानेवारीची. आता जानेवारीत आमच्या वाडीत असतं कोण? ११ माणसं जमली, त्यातल्या ९ म्हाताऱ्या, एक मी आणि एक पाय मोडलेला म्हणून घरी राहिलेला मुलगा. बाकी अख्खी वाडी वीटभट्टीवर. म्हाताऱ्यांनी बिस्किटं नेली, डॉक्टर बिचारे मोबाईल बघत बसले आणि नंतर कुठंतरी लिहिलं गेलं की आदिवासी समाजात आरोग्याबद्दल उदासीनता आहे. एक फोन केला असता तर सांगितलं असतं की सप्टेंबरात या, दीडशे माणसं दाखवतो.

मग वाडी घरी असते तरी कधी?

जून ते दिवाळी. पावसाच्या तोंडावर लोक परत येतात, लावणीला आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडं मजुरी, मग खाडीत आणि ओढ्यात मासे, चिंबोऱ्या, रानात भाजी. भात कापून झालं की मुकादमाचा टेम्पो येतो. बयाणा बऱ्याच जणांनी पावसाळ्यातच उचललेला असतो, कारण जुलै-ऑगस्टला हातात पैसा नसतो आणि घरात तांदूळ नसतो. आदिवासी खात्याची खावटी, म्हणजे घरात खायला नसतं तेव्हाचं कर्ज, याच दिवसांसाठी होती. कोरोनात २०२०-२१ ला तिचं अनुदान केलं, कुटुंबाला ४००० रुपये, निम्मे खात्यात निम्म्याचं सामान. पण मुकादमाचा बयाणा तेवढ्यानं थोडाच सुटतो. मग वीटभट्टी, नाहीतर कोळसा पाडायला पार कर्नाटकापर्यंत, ते थेट मे संपेपर्यंत.

म्हणजे ज्या दिवसांत शिबिरं होतात, स्पर्धा होतात, रस्ते कोरडे असतात म्हणून साहेब लोक येतात, बरोबर त्याच दिवसांत आम्ही नसतो. माझं तर असं मत झालंय की आमच्या निम्म्या आजारांचं मूळ या दोन कॅलेंडरांच्या न जुळण्यात आहे. पोराचा पहिला डोस वाडीत होतो, दुसऱ्याच्या वेळी ते भट्टीवर, तिसऱ्याला कुणाला आठवतच नाही.

आमच्या बायकांनी यावर एक साधी गोष्ट केली. टेम्पो यायच्या आधीचा आठवडा धरून नर्सताईंना बोलावून घेतात, त्या दिवशी सगळ्या पोरांची वजनं, राहिलेले डोस, गरोदर बायकांची तपासणी, आणि प्रत्येकीचं लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेलोटेप मारून तिच्याच बोचक्यात. आधी कार्डं अंगणवाडीत ठेवायचे, हरवू नयेत म्हणून. पण ठाण्याच्या भट्टीवर पोर तापलं तर रायगडच्या कपाटातलं कार्ड काय कामाचं? हे कुठल्या ट्रेनिंगमधे शिकवलं नव्हतं, एका मावशीच्या डोक्यातून आलं. आता भट्टीजवळच्या अंगणवाडीत ती कार्डं दाखवून आहार मागतात, कधी मिळतो, कधी ताटकळत ठेवतात.

कोकणात आदिवासी आहेत? आम्हाला वाटलं गडचिरोली, नंदुरबारला.

गाडीत हा प्रश्न आला की मी आरशातून बघतो फक्त. पालघरला वारली, कोकणा, मल्हार कोळी, रायगडला कातकरी आणि ठाकर, खाली सिंधुदुर्गात पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीवाले ठाकर. कात पाडायचे म्हणून कातकरी, खैराच्या झाडाचा कात, तुमच्या पानातला. महाराष्ट्रातले तीन समाज केंद्र सरकारनं अतिअसुरक्षित आदिवासी गटात धरलेत, कोलाम, माडिया गोंड आणि आम्ही.

एक घोळ मात्र लक्षात घ्या. पालघर आणि शहापूर भागात अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे घटनेनं आदिवासींसाठी खास नियम ठरवलेला भाग, तिथं पेसा कायदा लागतो, ग्रामसभेला जास्त ताकद. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यात नाहीत. त्यामुळे तिकडच्या वाडीला जे हक्कानं मिळतं ते इकडच्याला अर्ज-विनंत्या करून. आणि हे आमचंच रडगाणं नाही बरं का, डॉ. अभय बंगांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१८ ला आदिवासी आरोग्यावर रिपोर्ट दिला त्यात स्पष्ट आहे की देशातले निम्म्याहून जास्त आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात.

कोळी पण मूळचेच ना मग?

सोनकोळी समुद्राचे जुनेच, त्यात वाद नाही. कागदावर मात्र महादेव कोळी, मल्हार कोळी अनुसूचित जमातीत आणि किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. हा वाद मोठा आहे, मिनीडोरमधे सुटणारा नाही.

तुम्ही उंदीर खाता हे खरं का?

खरं. शेतातला. भात कापल्यावर बांधात बिळं असतात, ती खणून काढतात, उंदीर मिळतो आणि त्यानं साठवलेलं भातही मिळतं, कधी कधी पायलीभर. घरातला, गटारातला कुणी खात नाही. शाळेत आम्हाला यावरून इतकं चिडवलं की माझ्या वयाच्या कित्येकांनी खाणं सोडलं, नुसता उंदीर नाही, निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) सोडल्या, कंद सोडले, आणि त्या जागी काय आलं तर पाच रुपयाचं कुरकुऱ्याचं पाकीट. आता मला सांगा यात तब्येत कुणाची सुधारली?

खबरदारी घ्यावी लागते ते वेगळं. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, कोकणात पावसाळ्यात तो दरवर्षीचा पाहुणा. चिखलात अनवाणी आणि पायाला भेगा असल्या की झालं. अंगात ताप, पोटऱ्या धरल्यासारख्या दुखतात, डोळे लाल, अशा वेळी अंगावर काढू नका, लवकर गेलं तर साध्या डॉक्सीसायक्लिनवर बरं होतं, उशीर केला तर किडनी-लिव्हर जातं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडं २०१६ पासून माकडताप पण आलाय, तो गोचिडीतून. काजू-लाकडासाठी रानात जाणाऱ्यांनी घरी आल्यावर अंग बघावं.

रानभाज्यांचं एवढं कौतुक का? ती तर गरिबी म्हणून खायची ना?

आता शहरात महोत्सव होतात, शेवळाची जुडी बाजारात काय भावाला जाते विचारू नका. आमच्याकडं ते जूनचं पहिलं जेवण. पहिली सर पडली की शेवळं वर येतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, दिंडा, पाठोपाठ मुठे (खेकडे) आणि वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यानं वर चढणारे मासे, तुम्ही रत्नागिरीकडचे चढणीचे म्हणता ते. पुढं थंडीच्या तोंडाला करांदे.

पण यात अक्कल लागते. शेवळाचं बघा, वरचं पान काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळा रवाळ भाग फेकायचा, बाकी बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवायचं. काकडं म्हणजे काकडी नाही हो, झाडाची आंबट फळं, शेवळासोबतच विकायला असतात. ती नसतील तर चिंच. आंबट न घालता केलं की घसा असा खाजतो की दोन दिवस बोलता येत नाही. एका पाहुण्या बाईंनी व्हिडिओ बघून केलेलं, मीच त्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं. कडू करांदा तर त्याहून अवघड, चकत्या करून राखेत उकळायच्या, मग रात्रभर वाहत्या पाण्यात टोपली दगडाखाली दाबून ठेवायची, तेव्हा कुठं कडू उतरतो. नाहीतर उलट्या. हे सगळं माझ्या आजीला पाठ होतं, आईला निम्मं, मला विचाराल तर शेवळं येतात, करांद्याला अजून मावशीला बोलावतो.

म्हणून अंगणवाडीत पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वाडीतल्या म्हाताऱ्या भाजी घेऊन येतात आणि पोरांसमोर निवडतात. देशातल्या १५ ते ४९ वयातल्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्त कमी आहे असं सरकारचाच २०१९-२१ चा सर्व्हे सांगतो. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच, त्याला पर्याय नाही. पण गोळी चालू आणि ताट रिकामं असेल तर काय होणार.

गुळवेल, सालवेल, जडीबुटी सुरक्षित असते का?

सरसकट हो नाही, सरसकट नाही पण नाही. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल गोळा करून मोठमोठ्या औषध कंपन्यांना विकली, चांगले पैसे कमावले, मला त्यांचा अभिमान आहे. पण कोरोनात लोकांनी ज्या काढ्याचे पेले रोज ढोसले त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांना लिव्हर सुजलेले पेशंट दिसले, त्यावर आयुषवाल्यांचं म्हणणं असं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असावी. आमचा वैदू तर आधीपासून सांगतो, ओळखल्याशिवाय तोडू नको आणि रोज पिऊ नको. शुगर-बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगून घ्या.

भगताकडं जाणं बंद करायला नको का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज जरा वर जातो. मी आधी तुमच्याच बाजूचा होतो. आता नाही, आणि का ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी कापणीच्या वेळी आमच्या एका काकांना फुरसं चावलं, पायाच्या अंगठ्याला. फुरसं लहानसं असतं, वीतभर दोन वीत, कोकणात जांभ्याच्या दगडात फार. लोक धावत भगताकडं गेले, तसं वाडीचं आधीच ठरलेलं होतं. काय ठरलेलं? की साप चावला तर भगतबाबानं मंत्र म्हणायचा तो चालत्या गाडीत. बाबा स्वतः मिनीडोरमधे बसले, काकांचं डोकं मांडीवर, पाय लाकडी पट्टी लावून हलणार नाही असा ठेवलेला, आणि पुटपुटणं चालू. मी गाडी मारतोय. ना दोरी बांधली, ना ब्लेडनं कापलं, ना चोखलं. दवाखान्यात डॉक्टरनं काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि टेबलावर ठेवून घड्याळ लावलं, २० मिनिटं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष चढलेलं. लगेच सर्पविषाची लस सलाईनमधून चालू केली. बाबा बाहेर बाकड्यावर बसून होते रात्रभर. काका वाचले.

भगताला शिव्या घालून हे झालं असतं? लोक लपून त्याच्याकडं गेले असते आणि दोन तास वाया घालवून मग माझ्याकडं आले असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांनाही एकच लस चालते, पण ती फक्त दवाखान्यात मिळते आणि वेळ महत्त्वाचा. मण्यार तर रात्री झोपेत चावते, दुखत पण नाही, पोट दुखतंय म्हणून माणूस उठतो. तेवढ्यासाठी जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी, नीट खोचलेली.

विंचवाचं सांगायचं तर आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरून दाखवलं, मरणारी माणसं वाचायला लागली, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. हे काम त्यांनी इथंच खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात सुरू केलं होतं.

आणि सुईणी?

बाळंतपण दवाखान्यातच. पण सुईण सोबत जाते. पहिलटकरीण पोरगी अनोळखी खोलीत घाबरते, नर्स वसकन ओरडते, तेव्हा कंबर चोळायला ओळखीचा हात लागतो. कुठं आत घेतात, कुठं बाहेर बसवतात. रस्ता नसलेल्या वाड्यांतून तर अजून झोळी करून बाईला खाली आणावं लागतं, १०८ खाली डांबरी रस्त्यावर थांबलेली.

सिकल सेल असला तर खेळायचं का?

चांगला प्रश्न, आणि प्रशिक्षक म्हणवणाऱ्यांना पण माहीत नसतो. आदिवासींत हा रक्ताचा आजार जास्त आहे, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबाप दोघांकडून आला तर आजार, एकाकडूनच आला तर नुसता वाहक. केंद्राची मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं ठरलंय.

वाहक पोरं खेळू शकतात, पण उन्हात, तहानलेल्या अवस्थेत, दम टाकून पळवू नका. आमच्याकडं नियम आहे, दर पंधरा मिनिटांनी पाणी, आणि कुणी मांड्या दुखतायत म्हणालं तर नाटकं करतो म्हणायचं नाही, बसवायचं. आजार असलेल्यांचं डॉक्टरला विचारूनच. आणि हो, रिपोर्ट आला की तो पोराच्या आईला द्या, वाडीत मोठ्यानं वाचून दाखवू नका. एकदा असं झालं होतं, त्या पोरीच्या लग्नाला अजून अडचण येते.

कबड्डीच का? आणि पावसात कशी खेळता?

कबड्डीला काही लागत नाही म्हणून. रायगडात तर गल्लीबोळात कबड्डी. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, बायकांचं १२ बाय ८, चुलीतली राख टाकून लाईन मारली की झालं, सात इकडं सात तिकडं.

पण परत तेच कॅलेंडर. कोकणात खेळाचा सीझन म्हणजे दिवाळीनंतर, खाचरं सुकली की गावोगाव मैदानं, क्रिकेटचे लाईटवाले सामने, कबड्डीचे चषक. तेव्हा आमची पोरं विटा थापतायत. माझ्याकडची एक पोरगी, चढाईला अशी जायची की समोरच्या सातजणी नुसत्या बघत राहायच्या, तालुक्याच्या निवड चाचणीला नाव गेलं आणि चाचणी डिसेंबरात. ती तेव्हा भिवंडीकडं भट्टीवर, बापानं दोन माणसांचा बयाणा उचललेला, तीही त्यातलीच एक. मी मुकादमाशी फोनवर भांडलो, दोन दिवस सोड म्हणालो, तो म्हणाला दोन दिवसाच्या विटा तू थापतो का. नाही आली.

तेव्हापासून आम्ही आमचा सीझन बदलला. जुलै ते ऑक्टोबर. भर पावसात, चिखलात. सुरुवातीला लोक हसले. पण चिखलात पाय रोवून पकड करायला जी ताकद लागते ती मॅटवर कुठली, आणि पडलं तरी लागत नाही. फक्त खेळायच्या आधी सगळ्यांनी मिळून मैदानातले काचा-काटे वेचायचे आणि नंतर साबणानं पाय धुवायचे, लेप्टोचं वर सांगितलंच. गणपतीनंतर आजूबाजूच्या चार वाड्या येतात, बक्षीस म्हणजे तांदळाची गोणी, ती पण जिंकलेली टीम सगळ्यांना शिजवून घालते.

मुली खेळतात? घरचे सोडतात?

सुरुवातीला नाही सोडलं. हाफ पँटवरून अडलं. मग मुलींनीच बसून ठरवलं की लेगिंग आणि वर टीशर्ट, आणि प्रॅक्टिस पाणी भरून झाल्यावर, आणि एक मोठी बाई कायम मैदानाच्या कडेला. आता ती कडेला बसणारी मावशीच सगळ्यात जास्त ओरडते, पंच पण तिला घाबरतो. पाळीच्या दिवसात कुणी खेळायचं कुणी नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, मी त्यात बोलत नाही, मावशी बोलते.

उदाहरण म्हणून मी नाशिककडच्या कविता राऊतचं सांगतो, सावरपाड्याची आदिवासी मुलगी, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमधे १०,००० मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियाडला रौप्य. किंवा २०१८ ला चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच पोरं एव्हरेस्टवर गेली ते. पोरींना मात्र यापेक्षा शेजारच्या वाडीतली जी पोलीस भरतीत निघाली तिचंच जास्त अप्रूप.

दारूचं काय करता?

खोटं कशाला बोलू, अजून सुटलेलं नाही. परवानावालं दुकान असेल तर गावातल्या बायका मतदान करून बाटली आडवी करू शकतात, पण हातभट्टीला परवानाच नाही तर आडवी काय करणार. पोलीस येतात, पिंप फोडतात, आठ दिवसांनी परत धूर. एकदम पैसा हातात येतो तो बयाण्याच्या दिवशी, म्हणून बायकांनी एवढं केलंय की त्या दिवशी बयाणा नवरा-बायको दोघांच्या समोर मोजायचा. काही मुकादम ऐकतात. संध्याकाळी कबड्डी सुरू झाल्यापासून तरणी पोरं दोन तास तरी तिकडं जात नाहीत, त्यापुढचं मी सांगू शकत नाही.

मानसिक आरोग्य वगैरे तुमच्यात असतं का?

असतं की, आम्ही माणसंच आहोत. आमच्यात त्याला नाव वेगळं, "मन लागत नाही" म्हणतात. भट्टीवरून आलेल्या बायका जूनमधे पंधरा दिवस गप्प असतात. त्यावर समुपदेशक आणायला पैसे कुठले. पण गौरीच्या दिवसांत रात्रभर नाच असतो, हातात हात धरून गोल, पालघरकडं तारप्यावर नाचतात तसं आमच्याकडं ढोलकीवर, पाय दुखेपर्यंत. त्यात सगळं निघून जातं असं मी म्हणणार नाही, पण ती बाई दुसऱ्या दिवशी बोलायला लागते हे मी पाहिलंय. फारच वाईट असेल तर तालुक्याला न्यावंच लागतं, नेलंय.

असं बाहेर कुठं चालतं का, की तुमचंच खूळ?

मलाही असंच वाटायचं, मग एका प्रोजेक्टवाल्या मुलीनं दाखवलं. न्यूझीलंडच्या माओरींचे डॉक्टर मेसन ड्युरी यांनी १९८४ ला आरोग्याचं घर मांडलं, चार भिंती, शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा, एक भिंत कलली की घर कलतं. ते तिथं सरकारी पातळीवर वापरतात. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रेडफर्नमधे १९७१ ला तिथल्या आदिवासींनी स्वतःचा दवाखाना काढला, अजून चालू आहे, आणि त्यावरून देशभर तसे दवाखाने निघाले. अलास्कात तर मूळ रहिवाशांच्या संस्थेच्या दवाखान्यात पेशंटला पेशंट नाही, मालक म्हणतात. मला हे फार आवडलं, वाडीत सांगितलं तर एक म्हातारी म्हणाली, मालक म्हणू नका पण उभं तरी ठेवू नका.

आणि आपल्याच गडचिरोलीत शोधग्रामला दवाखाना बांधताना बंग दांपत्यानं गोंडांना विचारलं, कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते म्हणाले, तर झोपड्यांसारखा दवाखाना बांधला आणि नाव दंतेश्वरी देवीचं.

संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ ला आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, त्यात २४ वं कलम स्वतःच्या औषधपद्धती टिकवण्याचं आहे आणि त्याच कलमात बाकीच्या सगळ्या आरोग्यसेवा भेदभावाशिवाय मिळण्याचंही. लोक पहिलं अर्धं वाचतात.

आरोग्याच्या गप्पांत तुम्ही जमीन का आणता?

कारण नळ जमिनीवर येतो. आमच्यासारख्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत, आजोबा त्यांच्याकडं राबायचे म्हणून तिथं झोपडी टाकली. आता जागा नावावर नाही म्हणून घरकुल नाही, पाईप नाही, संडास बांधायचा तर मालकाची सही. मग डायरिया झाला की हात धुवा म्हणून पोस्टर लावतात. पाणी आणा मग धुतो.

रानाचंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करायचा, विकायचा हक्क दिलाय, शिकार सोडून. सामूहिक दावा मंजूर झाला तर भाजी-कंद चोरून आणावे लागत नाहीत. उरणच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला त्यात आमचा नाग्या कातकरी गेला, तो याच रानासाठी.

नवीन योजना आल्या म्हणतात त्याचा फायदा होतोय का?

नोव्हेंबर २०२३ ला पीएम जनमन सुरू झाली, आमच्यासारख्या देशातल्या ७५ समाजांसाठी. घर, रस्ता, पाणी, फिरता दवाखाना असं सगळं त्यात. आमच्याकडं गाडी आली, चांगली आहे. वेळ सकाळी ११. तेव्हा सगळे कामावर. पेणच्या प्रकल्प कार्यालयात अर्ज दिलाय की संध्याकाळी पाचनंतर पाठवा.

आम्हाला मदत करायची आहे, काय आणू?

आधी फोन करा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर या. जुने कपडे नको, खरंच नको, पोतीच्या पोती पडून आहेत. बूट आणणार असाल तर नंबर विचारून, मागं एकदा ४० जोड आले, सगळे ९ नंबरचे, पोरांनी त्यात माती भरून मिरच्या लावल्या. कबड्डीसाठी नी-कॅप चालतील, पायाला लावायची पट्टी, क्रेप बँडेज, मैदानाला एक हॅलोजन आणि त्याचं बिल कोण भरणार ते पण ठरवून या. मच्छरदाण्या कायम लागतात. आणि येताना पाच माणसांच्या वर असाल तर आधी सांगा, मिनीडोर एकच आहे आणि शेवटचा अर्धा किलोमीटर चालायचंय.